अनंताचा या वर्षीचा फोटो

१८ फेब्रुवारी, बुधवार

मंगल सकाळच्या एसटीनं नाशिकला गेली, लेकीकडे. वैशूला सातवा लागतोय. गर्भाची वार खाली आहे, अंथरुणातून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा कुठं हे. मागच्या वेळी चौथ्या महिन्यात... जाऊ दे.

गाडीत बसल्यावर पोरीबद्दल एक शब्द नाही. खिडकीतून सगळं झाडांचंच. "मोगऱ्याला रोज. लिंबाला तीन दिसाआड. चाफ्याला न्हाई दिलं तरी चालतंय. आनंताला इसरू नगा." गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तेच चालू. बोलली असती दुसरं काही तर रडली असती, हे मलाही कळतं.

बत्तीस वर्षं पिरंगुटच्या कारखान्यात टूलरूमचं लॉगबुक लिहिलं. तसंच आता हे लिहीन म्हणतो. नाहीतर कुठल्या झाडाला कधी पाणी दिलं, माझ्या ध्यानात राहायचं नाही.

पाणी : मोगरा २ तांबे, अनंत २ तांबे. बाकी उद्या.

२० फेब्रुवारी

मं.चा (लॉगबुकात मंगलचं मं.) निरोप आला, आवाजातला. "आवं, पोरगी पडल्या पडल्या नुसती वर पंख्याकडं बघत बसती. आठवा मजला, गॅलरीत एक कुंडी न्हाई. रोज एक फोटू धाडत जा. झाडाचा न्हाई, फुलाचा."

काढला. लिंबाच्या फुलाचा. माझा अंगठा छान आलाय.

२१ फेब्रुवारी

आजचे सगळे फो. वाया. फूल पांढरं म्हणून नुसता चुना दिसतो, पाकळी नाही की काही नाही. काटा कानाला लागला. खाली वाकलं की कंबर म्हणते, मी नाही येत.

पाणी : बोअर वीस मिनिटं चाललं, मग फुसफुस. फेब्रुवारीतच ही गत. मागच्या वावरात आता बारा मजले उभे आहेत. टँकरची रांग सकाळी सातपासून.

२२ फेब्रुवारी

वरच्या दोन खोल्यांत राहते ती केतकी आज गॅलरीतून ओरडली, "काका, काय करून राहिले तिथं? पडसान!" अकोल्याची आहे. नवरा-बायको दोघं हिंजवडीला, ही बरेच दिवस घरूनच काम करते. मी म्हटलं, फुलाचा फोटो काढतोय. खाली आली. मला वाटलं हसायला आली. पण चांगली अर्धा तास उकिडवी बसून शिकवत राहिली.

१. आधी भिंग पुसायचं. (माझ्या भिंगावर तंबाखूच्या पुडीचा डाग. तंबाखू सोडून दोन वर्षं झाली!)
२. पडद्यावर फुलाला बोट लावायचं, मग बाजूला छोटा सूर्य येतो, तो खाली ओढायचा. पाकळ्या दिसायला लागतात.
३. ऊन डोक्यावर आलं की सोडून द्यायचं. सकाळी सात ते आठ.
४. श्वास धरायचा.

चौथं मला शिकवायला नको. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं काम श्वास धरूनच केलंय.

फो. : लिंबाचं फूल, आतले पिवळे तुरे स्पष्ट. पाठवला. वैशूचं उत्तर दोन मिनिटांत : "अण्णा!! पाकळीवर मुंगी आहे!"
मला दिसलीच नव्हती. परत बघितलं. आहे.

२६ फेब्रुवारी

रोज एक जातोय. जास्वंद, डाळिंब, आंब्याचा मोहर (वाऱ्यानं हलला, तरी मं. म्हणाली वास आला). वैशू आता फोटोत मुंग्या मोजते. आज सात. रोजच्या इंजेक्शनची सुई टोचायच्या आधी फोटो बघते म्हणे, म्हणून सकाळी आठच्या आत गेलाच पाहिजे. पहिल्या पाळीची सवय आहे, आपल्याला उशीर नाही.

चाफ्याला एक पान नाही, नुसत्या राखाडी फांद्या, आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा झुबका. पाणी शून्य. हे झाड माझ्या दारात वीस वर्षं आहे. आज पहिल्यांदा खाली उभा राहून वर बघितलं.

३ मार्च

अनंताला कळ्या. नऊ मोजल्या. हिरव्या, पीळ दिलेल्या, पेचासारख्या. टूलरूमचं व्हर्निअर ट्रंकेतून काढलं आणि सगळ्यात मोठी मोजली. जाडी ९.४ मिमी. वैशूला फोन केला तर ती इतकी हसली की मं.नं तिला दटावलं, "पोट हालंल गं!"

वैशू म्हणाली, "अण्णा, अनंत फुलला की पहिला फोटो मला. आईच्या आधी."

वैशू बालवाडीत होती तेव्हा मं.नं माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून ही फांदी आणली होती. बसमध्ये मांडीवर फांदी होती आणि पोरगी माझ्याकडे. भांडलो होतो त्यावरून.

७ मार्च

९.४. तशीच.

बोअर दिवसाआड. नळ दिवसाआड, तोही बारीक. भांड्यांचं पाणी मोगऱ्याला घालतो. मोगऱ्याला मात्र काही पडलेलं नाही, फुलतोय आपला.

९ मार्च

९.५. हा फरक नाही, ही माझ्या हाताची चूक.

वैशू रोज विचारते, किती झाली? आज तिचा आवाज खोल होता. काल रात्री थोडं रक्त दिसलं, डॉक्टर येऊन गेले, आता ठीक आहे म्हणाले. मं.नं मला सांगितलं नव्हतं. "सांगून तुमी काय करणार हुता? निसतं येरझाऱ्या घातल्या असत्या."

खरं आहे. मी हितं बसून एवढंच करू शकतो, एक कळी फुलवून दाखवू शकतो. शेडमध्ये शेतीच्या वेळचं अर्धं पोतं युरिया पडलंय. अनंताला मूठभर टाकला. दोन तांबे पाणी.

१३ मार्च

अनंताच्या पानांच्या कडा तपकिरी. ऊन वाढलंय, त्यानं असेल. गोणपाट बांधून सावली केली. बोअर दोन दिवस बंद.

फो. : मोगऱ्याच्या चार कळ्या, दोऱ्यात ओवल्यासारख्या.

१५ मार्च

सकाळी गोणपाट बाजूला केलं. कळ्या खाली पडलेल्या. सहा. तीन फांदीवर काळ्या. हात लावला, त्याही आल्या. पानं कागदासारखी वाजतात.

ऊन नाही ते. मूठभर युरिया, कोरडी माती आणि दोन तांबे पाणी. जाळलं मी. भट्टीत जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, घालून हाताखालचा पोरगा चहाला गेला तर मी त्याला सगळ्यांदेखत झापायचो. आता मला कोण झापणार? झापणारी नाशिकला.

नऊ कळ्या कागदात बांधून ठेवल्या. कशासाठी, माहीत नाही. फेकवेनात.

फो. : जास्वंद. वैशूनं विचारलं, "अनंत?" लिहिलं, "हळू चाललाय."

१६ मार्च

मनात भलतंसलतं येतंय. मी माळकरी नाही, नवससायास मानत नाही. तरी हे झाड आणि ती पोरगी यांची गाठ डोक्यातून सुटत नाही. कुणाला बोलायची सोय नाही.

फो. : कण्हेर. मुंग्या नाहीत.

१९ मार्च, पाडवा

गुढी मी एकट्यानं उभारली. काठीला गडू उलटा घालताना मं.ची आठवण झाली, ती खालून "वाकडा हाय" म्हणते. या वर्षी वाकडा असला तरी सांगायला कोणी नाही. कडुलिंबाचा फुलोरा चांगला मिळाला, बारीक पांढरा, मधाच्या वासाचा. त्याचा फो. काढला, केतकीनंही शाबासकी दिली. तिला पुरणपोळी येत नाही, तिनं श्रीखंड आणून दिलं.

नाशिकहून दोघींचा फोन. वैशू म्हणाली, "अण्णा, आज सणाचा दिवस आहे, अनंत दाखवाच. कळी तर कळी."

हो म्हटलं.

फोनमध्ये मागल्या वर्षीचे फोटो आहेत. त्यात अनंताची कळी होती, चांगली टपोरी, अर्धी उकललेली. तीच पाठवली. मं.नं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. वैशूनं काही नाही.

श्रीखंड तसंच आहे.

२० मार्च

वैशूचा फोन, सकाळी साडेसातला. आई आंघोळीला गेलीय म्हणाली.

"अण्णा, कालचा फोटो मी काढलेला आहे. मागच्या एप्रिलमध्ये. मीच तुमच्या फोनवर काढला होता."
मी अनंताकडे पाठ करून उभा राहिलो.
"झाड गेलं का?"
"व्हय."
"कशानं?"
"ऊन लई हाय औंदा."

एवढं होऊनही खरं सांगितलं नाही! पोरीनं एक मोठा श्वास घेतला. मग मलाच समजावते, "बरं. आईला आत्ता नका सांगू. ती दिवसभर माझ्यासमोर हसते आणि मोरीत जाऊन रडते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. तिला तिच्या बागेचा तेवढाच आधार आहे."

मी पोरीसाठी लपवलं. पोरगी आईसाठी लपवते. आई मोरीत.

२१ मार्च

मं.चा निरोप : "आनंताची कळी झ्याक आली. आता दोन दिसात उमलंल बगा."

दिवसभर फोन पालथा ठेवला.

२२ मार्च

केतकीला सांगितलं. युरियासकट. पायरीवर बसली होती, ऐकून घेतलं, हसली नाही. म्हणाली, "काका, माझ्याकडून एकदा ऑफिसात असं झालं होतं. चूक लहान होती, लपवायला जे जे केलं ना, ते मोठं झालं." आणि वर कामाला निघून गेली. मीटिंग होती.

२३ मार्च

सात वाजता अनंतापाशी गेलो. गोणपाट काढलं. जळलेल्या झाडाचा फोटो कसा काढतात हे कोणी शिकवलेलं नाही. भिंग पुसलं. बोट लावलं, सूर्य खाली ओढला. कोवळं ऊन तपकिरी पानांतून आरपार येत होतं, एकेक शीर दिसत होती. श्वास धरला.

केतकी म्हणाली, "काका, खरं सांगू? हा तुमचा सगळ्यात चांगला फोटो आहे." मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

मं.ला पाठवला. खाली लिहिलं : युरिया मी घातला. मूठभर. कळी लवकर मोठी व्हावी म्हणून. पाडव्याचा फोटो मागल्या वर्षीचा होता. वैशूला झाड गेलेलं माहीत आहे, युरियाचं नाही.

८.१० ला पाठवला. ८.१४ ला बघितला. संध्याकाळपर्यंत काही नाही.

२४ मार्च

अकरा वाजता मं.चा फोन आला. जसा आठवतोय तसा लिहितो.

"मला ठावं हुतं."
"कसं?"
"बाकीच्या फुलांच्या फोटूखाली तुमी पानभर लिवता. मुंग्या किती, पाकळ्या किती. आनंतावर आठ दिस एक अक्षर न्हाई. बत्तीस वर्सं संसार केलाय तुमच्यासंगं. गप बसला की काय तरी मोडलेलं असतंय."
"मग बोलली का न्हाईस?"
"तुमी कवा बोलताय ते बगत हुते."

मग मी ते पण बोललो. पोरीचं आणि झाडाचं, मनात येतंय ते. चिडली. एवढी चिडली की वैशूनं आतून विचारलं काय झालं. "झाड म्या लावलं, तुमी जाळलं. त्यात पोरीचा काय संबंध? तिच्या पोटातलं तिच्या पोटात हाय. असलं पुन्यांदा डोक्यात आणाल तर बगा."

नऊ दिवस छातीवर बसलेलं एका वाक्यात उठलं. बाईनं फोनवर झापलं आणि मी हितं एकटाच मान हलवत होतो.

पुढं कामाचं : १) एक वीत ठेवून वरचं सगळं छाटा. २) बुडाची माती वरवर काढून टाका, युरियाची. ३) चांगलं पाणी, थोडं थोडं, रोज, म्हंजे खार खाली जाईल. ४) वाळला पाला बुडाशी. ५) "आन मग हात लावू नगा. व्हर्निअर तर अजाबात न्हाई."

वैशूशी पण बोललो. युरियाचं सांगितलं. म्हणाली, "अण्णा, माझ्यासाठी केलंत ना?" म्हटलं, हो, पण केलं चुकीचं. म्हणाली, "दोन्ही खरं."

२५ मार्च

छाटलं. कात्री हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. माती काढली, नवी घातली.

पाण्याचा प्रश्न. बोअरचं पाणी खारट, शिवाय नाहीच. नळ उद्या. केतकी गॅलरीतून म्हणाली, "काका, एसीचं पाणी चालेल का? दिवसभर ठिबकते, वायाच चाललं." अकोल्याच्या माणसांना मार्चमध्येच एसी लागतो, यावरून मी मागं तिला चिडवलं होतं. आता गप्प. नळीखाली बादली लावली. संध्याकाळपर्यंत अर्धी भरली. चाखून बघितलं, खार नावाला नाही.

अनंत : ३ तांबे, थेंब थेंब करून.

२९ मार्च

फो. रोज जातायत. आता वैशूच फर्माईश करते. आज म्हणाली, "फूल नको, मोगऱ्याखाली पडलेल्या पाकळ्या दाखवा." काढला. पडलेल्या पाकळ्यांवर मुंग्या जास्त. चौदा.

मं. आता मोरीत रडत नाही, असं वैशू म्हणते. दोघी मिळून भांडतात, कुठला फोटो चांगला यावरून.

३१ मार्च

सोनोग्राफी झाली. वार वर सरकलीय! पूर्ण नाही, पण सरकलीय. बाळाचं वजन बरोबर. डॉक्टर म्हणाले, अजून जपायचंय, पण खोलीतल्या खोलीत थोडं चालू दे.

जावयांनी फोन केला. दोघांनी "हो हो" एवढंच म्हटलं पाच-सहा वेळा.

लिंबाला परत चार फुलं. चारीचे फो. पाठवले. रोज एक हा नियम आज मोडला.

४ एप्रिल

मं.नं सांगितलं, अनंताचा बुंधा नखानं खरवडून बघा, "आत हिरवं दिसलं तर हाय अजून." खरवडलं. वर तपकिरी. खाली, मातीच्या जरा वर, मला हिरवट वाटलं. केतकीला बोलावलं, ती म्हणाली हिरवंच आहे. मी म्हटलं, तुला सगळंच हिरवं दिसतं. टूलरूममध्ये "वाटतं" यावर रिपोर्ट देता येत नाही. तेव्हा नोंद अशी : नक्की नाही. परत पंधरा दिवसांनी.

एसीचं पाणी चालू.

७ एप्रिल

मोगरा आज असा फुललाय की सकाळी दार उघडल्यावर एक पाऊल मागं आलो. मोजायला गेलो आणि सोडून दिलं. एका फांदीचा फो. काढला, फांदी बोटांत धरून.

तासाभरानं मं.चा फोन. फुलाचं काहीच बोलली नाही.

"आवं, अंगठी ढिली झालीया तुमची."
"कुणी सांगितलं?"
"रोज फुलामागं हात दिसतोय तुमचा. सुरवातीच्या फोटूत बोटात घट्ट हुती. आज पार सांध्यापातुर घसरलीया. जेवता का न्हाई?"
"जेवतो की."
"काय?"

आठवून बघितलं. परवा भात. काल... काल केतकीनं दिलेली पोळी.

"फुलं लई बगितली," म्हणाली. "आज तुमचा सोताचा फोटू धाडा. इस्त्रीचा शर्ट घालू नगा. हाय तसा."

केतकी म्हणाली मी काढते. नको म्हटलं. आपला आपण काढायचा तर हात लांब करून धरावा लागतो, आणि मग बटण दाबायला बोट पोचत नाही. चार वेळा नुसतं आभाळ आलं. पाचव्यांदा आलो. गालफडं आत गेलीत, हनुवटीला एका बाजूला दाढी राहिलीय. स्वतःला एवढं जवळून बघायची सवय नाही. पुसून परत काढावासा वाटला, पण ती "हाय तसा" म्हणाली होती.

पाठवला. पोचलाय, तिनं अजून बघितलेला नाही. यावेळी ती वैशूला खोलीत फिरवते, दारापासून खिडकीपर्यंत, हाताला धरून.

तोवर भात लावतो. आज वरणही.